पत्ते मोजून घर चालतं का? ब्लॅकजॅक आणि आमचा भाचा

सुखनाकाठ
मंडळी, प्रश्न गमतीचा वाटेल, पण घरात सध्या यावरून अबोला चालू आहे. तेव्हा सल्ले जरा जपून.

भाचा सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल, वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गणितात लहानपणापासून पक्का. गेल्या वर्षापासून त्यानं ब्लॅकजॅकमधल्या कार्ड काउंटिंगचा ध्यास घेतलाय. आता म्हणतो, नोकरी सोडतो आणि दहा-पंधरा वर्षं हेच करतो. आधी गोवा आणि नेपाळ, जमलं तर पुढं बाहेर. ताई म्हणते पोरगं जुगारी झालं. तो म्हणतो हा जुगार नाही, हिशेब आहे.

मला त्यानं समजावलं ते असं. खेळ डीलरविरुद्ध. एकवीसच्या जवळ जायचं, ओलांडलं की गेलात. डीलरला स्वतःची अक्कल चालवायची मुभा नाही. सतरा होईपर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो. उरलेल्या पत्त्यांत मोठे पत्ते जास्त असतील तर डीलर जास्त वेळा फुटतो, म्हणजे एकवीस ओलांडतो, आणि आपल्याला पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस लागलं तर दीडपट मिळतात. म्हणून पडलेले पत्ते मोजायचे. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी ते एक्का उणे एक. बेरीज चढली की जास्त लावायचे, उतरली की कमी, नाहीतर सरळ उठायचं.

मला यात खोट सापडली नाही. म्हणूनच विचारतो. हिशेब बरोबर असेल तर सगळेच हे का करत नाहीत? आणि ज्यांनी केलं ते किती वर्षं टिकले?

हुरडा_पार्टी
हुरडा, चटणी, दही घेऊन बसलोय. माझी जागा धरून ठेवा.

निजामकाळ
जुगार तो जुगार. आमच्या गावात तिर्रटच्या क्लबात एकाची आठ एकर काळी जमीन गेलेली बघितली आहे. त्यालाही वाटायचं की आपल्याला पत्ते कळतात. भाच्याला दोन ठेवून द्या, विषय संपवा.

बदामसत्ती
@निजामकाळ काका, तिर्रट आणि हे एक नाही. तिर्रटमध्ये डाव झाला की पत्ते गोळा करून परत पिसतात, मागच्या डावाचा पुढच्याशी काही संबंध उरत नाही. ब्लॅकजॅकला बहुतेक ठिकाणी सहा कॅट एकत्र करतात, ३१२ पत्ते, आणि त्यातूनच बरेच डाव वाटतात. गेलेला एक्का पुढच्या पिसण्यापर्यंत परत येत नाही. मोजायला अर्थ येतो तो एवढ्यामुळेच.

अवांतर: आमची आजी मेंढीकोटात कुठली दश्शी कुणाच्या हातात अडकलीय ते सांगायची. तिला कुणी वेगासला नेलं नाही हे आमच्या खानदानाचं नुकसान.

पाटीवरचा_खडू
नांदेडला बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे हात शिवशिवतात.

आधी आजींबद्दल. या पद्धतीत स्मरणशक्ती फारशी लागत नाही. कुठला पत्ता गेला हे लक्षात ठेवायचंच नसतं, फक्त एक बेरीज डोक्यात चालू ठेवायची. सराव झालेला माणूस अर्ध्या मिनिटाच्या आत अख्खा कॅट मोजून शून्यावर येतो. अधिकवाले वीस पत्ते, उणेवाले वीस, म्हणून शेवट शून्यच यायला हवा. हे कुणालाही महिन्या-दोन महिन्यांत जमेल.

भाच्याचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलेला दिसतो. कधी पत्ता घ्यायचा, कधी थांबायचं, कधी दुप्पट करायचं याचा तक्ता ठरलेला आहे. तो पाठ करून न मोजता खेळलं तरी चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोची आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. मोजून आलेली बेरीजही तशीच वापरत नाहीत, तिला उरलेल्या कॅटांनी भागतात. बेरीज अधिक आठ आणि चार कॅट शिल्लक, तर खरा आकडा दोन. तो एकानं चढला की साधारण अर्धा टक्का आपल्याकडे सरकतो. म्हणजे एकवर जेमतेम बरोबरी, दोनवर अर्धा टक्का आपला. सगळं धरून, लावलेल्या एकूण पैशावर एक टक्का सुटला तर मोजणारा खूश.

आता हा एक टक्का रुपयांत मांडतो. समजा तो १,००० ते १०,००० च्या मध्ये लावतो, सरासरी २,०००. तासाला ८० डाव. म्हणजे तासाला १,६०,००० फिरले, त्यावर १,६०० सुटले. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच तासाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणारा हेलकावा, ३६,००० च्या आसपास येतं. अपेक्षित कमाई १,६०० आणि हेलकावा ३६,००० चा.

महिन्याला १०० तास खेळला तर अपेक्षा १,६०,००० ची, पण साधारण दर तिसरा महिना तोट्यात जाईल. चुकीशिवाय, सगळं अचूक खेळून. ५०० तासांनंतर अपेक्षित नफा ८ लाख आणि विचलनही ८ लाखच. म्हणजे असे शंभर निर्दोष खेळाडू बसवले तर ५०० तासांनी त्यातले सोळा-एक जण तोट्यातच असतील, आणि आपलं नशीब खोटं की मोजणी खोटी हे त्यांना आतून कळणार नाही.

भांडवल पूर्ण बुडण्याची शक्यताही काढता येते. याच आकड्यांवर ५ लाख घेऊन बसला तर २९ टक्के. १० लाखांवर ८ टक्के. २० लाखांवर एक टक्क्याच्याही खाली. हे घरखर्चाला एक रुपया न काढता. मामा, त्याला आधी विचारा, भांडवल किती?

हुरडा_पार्टी
सर, लातूर पॅटर्न काढा याचा. फाउंडेशन, रिपीटर, क्रॅश कोर्स. ‘काउंटिंगमध्ये ३६० पैकी ३५८’ असे फ्लेक्स शिवाजी चौकात.

लातूरचा_आडत्या
रिपीटर बॅचच चालंल जास्त.

तेरणाकाठ
सर तुमी सांगितलं ते लई भारी, पण मला एक कळंना. जर मोजता येतंय तर कॅसिनोवाले बघत बसत्यात व्हय? आमच्याकडं यात्रेत सोरटवाल्याला कुणी दोनदा जिंकलं तर तो दुकान आवरतोय.

जिंतूरकर
@तेरणाकाठ, इथंही तसंच, फक्त आवरताना ‘सर’ म्हणतात.

मी अमेरिकेत फिनिक्सला नोकरीला होतो तेव्हा काही वर्षं शनिवार-रविवार हे केलंय. गाडीनं वेगास पाचेक तासांवर. पोटासाठी नाही, नादासाठी. म्हणून टेबलावरचं थोडं सांगतो.

डोक्यात मोजणं तिथं गुन्हा नाही. यंत्र वापरणं गुन्हा आहे. नेवाडानं, म्हणजे वेगासच्या राज्यानं, १९८५ मध्ये तसा कायदा केला. पण कॅसिनो ही खाजगी जागा. त्यांना वाटलं तर ते तुम्हाला खेळू देणार नाहीत. माझ्या बाबतीत एक सूटवाला आला, माझ्या पत्त्यांवर हात आडवा धरला आणि म्हणाला, तुमचा खेळ आमच्यापेक्षा सरस आहे, दुसरं काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको. वर जेवणाचं कूपन दिलं. जेवण चांगलं होतं.

त्यांना कसं कळतं? मोजणी कुणालाच दिसत नाही, पैसे दिसतात. बेरीज चढली की तुम्ही हजाराचे दहा हजार करता, उतरली की परत हजार. वरच्या कॅमेऱ्यामागचा माणूसही मोजतोच. तुमच्या पैशाचा आलेख आणि त्याची बेरीज एकत्र वर-खाली व्हायला लागली की संपलं. लपवायचं तर पैसे कमी-जास्त करणं सौम्य करायचं, आणि सौम्य केलं की सरांचा तो एक टक्का अर्ध्यावर येतो. या पेशाचा सगळा पेच तिथं आहे. हुशारीनं खेळाल तर तास मिळत नाहीत, तास मिळवायचे तर हुशारी आवरावी लागते.

आणि टेबलंही बदलली. पूर्वी पहिल्या दोन पत्त्यांतल्या एकवीसला हजारावर पंधराशे मिळायचे. आता पुष्कळ टेबलांवर पाचाला सहा, म्हणजे बाराशे. या एका बदलानं कॅसिनोची आघाडी जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढते. तुम्ही डोकं फोडून कमावणार होता त्याहून जास्त त्यांनी एका पाटीवर लिहून परत घेतलं. काही ठिकाणी पत्ते सतत पिसणारं यंत्र असतं. डाव झाला की पत्ते लगेच आत, मग मोजायला काही उरतच नाही. टेबल निवडणं हेच अर्धं काम. भाच्याला मोजता येतं का हे विचारू नका, कुठल्या टेबलावरून उठायचं ते कळतं का विचारा.

सुखनाकाठ
@खडू सर, भांडवल पाच लाख. पीएफ आणि थोडी एफडी धरून.
@जिंतूरकर, कॅसिनोवाला हाकलतो, मग कोर्टात नाही का जाता येत?

कचेरी_रोड
गेला होता एक जण. केन उस्टन. अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोनं त्याला मोजतो म्हणून बंदी घातली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये निकाल दिला की केवळ कौशल्यानं खेळतो म्हणून कॅसिनोला परस्पर बंदी घालता येणार नाही. म्हणून तिथं हाकलता येत नाही. पण मग कॅसिनोंनी मध्येच पत्ते पिसणं, पैशावर मर्यादा घालणं असे रस्ते काढले. निकाल त्याच्या बाजूनं लागला, टेबल त्याच्या बाजूचं राहिलं नाही.

आपल्याकडचंही सांगते, कारण इथं ‘कौशल्याचा खेळ’ हा शब्द येणारच आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि त्यात एक कारण दिलं ते हेच, की पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलंय. म्हणजे निजामकाळ काकांचं तिर्रट तिथं आधीच निकालात निघालंय. महाराष्ट्रात अजून १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये कायदा झाला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा इथं घरी बसून हा धंदा व्हायचा नाही. गोव्यात टेबलावरचे खेळ फक्त मांडवीतल्या जहाजांवर. जमिनीवरच्या हॉटेलांत यंत्रंच. नेपाळात कॅसिनो नेपाळ्यांना बंद आणि आपल्याला उघडे.

मोबाइल_राजा
एवढं कशाला, ॲपवर खेळा की. घरबसल्या.

बदामसत्ती
@मोबाइल_राजा, ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा वाचा. पैसे लावून खेळायची ॲपं बंद झाली, कौशल्य असो की नशीब. आणि संगणकाच्या ब्लॅकजॅकमध्ये दर डावाला पत्ते नव्यानं पिसलेले धरतात, मोजून उपयोग शून्य.

मोबाइल_राजा
ओके ताई 🙏

गंगाखेडची_वाचक
मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिलाच: किती वर्षं टिकले? मला या माणसांच्या गोष्टी वाचायचा नाद आहे.

एडवर्ड थॉर्प, गणिताचा प्राध्यापक. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या आयबीएम ७०४ संगणकावर त्यानं हे सगळं तपासलं आणि १९६२ मध्ये पुस्तक काढलं. आज जो कुणी मोजतो तो त्याचंच देणं लागतो. आणि हाच माणूस टेबलावर राहिला नाही. १९६९ मध्ये त्यानं गुंतवणुकीचा फंड काढला आणि खरा पैसा तिथं केला. ज्यानं शोधलं त्यालाच बाजार जास्त बरा वाटला, कारण बाजारात कुणी खांद्यावर हात ठेवून उठवत नाही.

उस्टन आधी शेअर बाजारात मोठ्या हुद्द्यावर होता. ते सोडून यात आला. नंतर ओळखू येऊ नये म्हणून वेषांतर करून खेळायचा. १९८७ मध्ये पॅरिसला वारला, वय ५२.

एमआयटीच्या पोरांचा संघ प्रसिद्धच आहे. १९९२ मध्ये त्यांनी रीतसर भागीदारी कंपनी काढली होती, ती पुढच्या वर्षाअखेर गुंडाळली. लांब टिकलेलं नाव टॉमी हायलंड. १९७९ पासून त्याचा संघ चालला. म्हणजे अशक्य नाही. पण तो एकटा खेळाडू नाही, तो संघ चालवतो.

तेरणाकाठ
संघात काय फरक पडतो ताई?

गंगाखेडची_वाचक
दोन फरक. एक, हेलकावा वाटून जातो. दहा जण एकाच तिजोरीवर खेळले तर सरांचे ५०० तास महिन्याच्या आतच होतात. दुसरा जास्त चलाख आहे. काही जण वेगवेगळ्या टेबलांवर किमान पैसे लावून नुसते मोजत बसतात. बेरीज चढली की खूण करतात, आणि मग एक श्रीमंत दिसणारा माणूस डुलत येऊन थेट मोठी रक्कम लावतो. त्याचे पैसे कमी-जास्त होतच नाहीत, कायम मोठेच, म्हणून कॅमेऱ्याला काही दिसत नाही. अल फ्रान्सेस्को यानं १९७० च्या दशकात ही युक्ती बसवली.

तेरणाकाठ
म्हंजी ऊसतोडीची टोळी की ओ! पैसा घालणारा कारखाना, हिशेब ठिवणारा मुकादम, आन टेबलावर बसणारे कोयते. फक्त हितं उचल घिऊन पळून गेला तर कुणाच्या गावाला जायाचं?

जिंतूरकर
@तेरणाकाठ, तुम्ही थट्टेत बोललात पण संघ नेमके त्याच भीतीपोटी मोडतात. एकानं येऊन सांगितलं, आज चार लाख हरलो. खरंच हरला की खिशात घातले? आकडा दोन्हीकडून सारखाच दिसतो.

लातूरचा_आडत्या
वाचकताईंनी बाजाराचं काढलं म्हणून बोलतो. पोरं आता पत्त्यात कमी अन् शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यात जास्त बुडलालेत. आमच्याकडं आधी सोयाबीनचे वायदे होते, डिसेंबर २०२१ ला सेबीनं बंद केले. मग सगळे बँक निफ्टीत घुसले. सेबीचाच आकडा आहे, २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत असल्या सौद्यात शंभरातले ९३ तोट्यात. तेव्हा थॉर्प गेला म्हणून भाच्यानं तिकडं जाऊ नये. थॉर्पजवळ गणित होतं, आपल्याकडं टेलिग्रामचा ग्रुप आहे.

मांजराकाठी
मी इथं सहसा लिहीत नाही, वाचते. पण यावर लिहावंसं वाटलं.

आमचे हे नोकरी सोडून काही वर्षं पूर्णवेळ शेअरचे सौदे करत होते. पत्ते नाहीत, पण खडू सरांनी लिहिलेला हेलकावा मी घरात बघितलाय. पैसे कमी पडले असं नाही. वर्षाच्या शेवटी बऱ्यापैकी सुटायचे. त्रास वेगळाच असतो. चांगल्या दिवशी आनंद करायचा नाही, कारण उद्याचं माहीत नाही. वाईट दिवशी बोलायचं नाही, कारण चूक तर झालेलीच नसते. मग माणूस बोलणंच सोडतो. मुलीच्या शाळेची फी भरायची तर हे आधी विचारायचे, पंधरा दिवस थांबता येईल का. पैसे खात्यात असायचे, पण ते भांडवल. त्यातून काढले तर सगळा हिशेब बिघडतो म्हणायचे. आणि ते खरंच होतं, म्हणून भांडताही येत नव्हतं.

बँकेनं घराचं कर्ज दिलं नाही. पगारपत्रक कुठून आणणार? आता ते परत नोकरीत आहेत, कमी पगारावर. रात्री जेवताना बोलतात.

बदामसत्ती
ताई, फार नेमकं लिहिलंत.

हुरडा_पार्टी
मांजराकाठी ताईंनंतर विनोद करायला जीभ रेटत नाही, तरी करतो. आपल्याकडं स्थळ बघताना शिपाई का असेना पण सरकारी पाहिजे. बायोडाटात काय लिहिणार? ‘व्यवसाय: पत्ते. अपेक्षा: मुलगी शून्यावर येणारी.’

निजामकाळ
हे मात्र शंभर टक्के.

सीए_जुना_मोंढा
उशिरा आलो, रिटर्नची गर्दी होती. इतक्या प्रतिसादांत कुणीच कर काढला नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण भारतात राहणाऱ्याचा हा विषय तिथंच संपतो.

पत्ते, लॉटरी, शर्यत, कुठलाही जुगार, यातून जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ११५बीबी कलमाची ही तरतूद. यात तुमचं मूळ करमुक्त उत्पन्न धरत नाहीत, खर्च वजा होत नाही, हरलेले पैसे जिंकलेल्यांतून वळते होत नाहीत. कौशल्य की नशीब, ते हा कायदा विचारतच नाही. कचेरी_रोड वकीलबाईंनी सांगितलेला १९६८ चा निकाल इथं कामाला येत नाही.

खडू सरांचेच आकडे घेतो. ५०० तासांत ८ लाख सुटले. पण ते एकरकमी येत नाहीत. समजा जिंकलेल्या बैठकींची बेरीज ४० लाख आणि हरलेल्यांची ३२ लाख. कर ४० वर. १२ लाख ४८ हजार. हातात आलेले ८ लाख. म्हणजे वर्षभर एकही चूक न करता खेळून साडेचार लाखांचा खड्डा, आणि तोही नशीब सरासरी असताना.

जीएसटी वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय. जिंकलेलेच परत लावले तर त्यावर पुन्हा नाही, एवढीच सवलत. हा भार कॅसिनो सोसतो की गिऱ्हाईक ते ज्याच्या त्याच्या धोरणावर, पण एक टक्क्याच्या धंद्यात ४० टक्के कुठूनही आले तरी बाधतातच.

परदेशात खेळून आला तरी सुटका नाही. इथला रहिवासी असेल तर जगभरातलं उत्पन्न इथं दाखवायचं. गंमत म्हणजे अमेरिका परदेशी माणसाच्या ब्लॅकजॅकच्या जिंकण्यावर कर घेत नाही. घेतो तो आपणच.

पाटीवरचा_खडू
सीए साहेबांनी माझं गणित एका परिच्छेदात बुडवलं. तरी हरकत घेतो. ज्या देशात नफ्यावरच कर आहे तिथं हा पेशा होऊ शकतो. तिथं गणित खोटं ठरत नाही.

सीए_जुना_मोंढा
सर, गणित बरोबरच आहे. भाच्याचा पत्ता वाळूजचा आहे.

कचेरी_रोड
आणि व्हिसाच्या खिडकीवर ‘कशासाठी चाललात’ याचं उत्तरही त्यानं तयार ठेवावं.

वाळूजचा_तोच
नमस्कार. मामांनी लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. तो भाचा मीच.

दोन-तीन गोष्टी. मी नोकरी सोडतो म्हणालो ते आईनं फारच रेटल्यावर. राजीनामा दिलेला नाही. दुसरं, निजामकाळ काका, दोन ठेवून द्यायला मामा कधीही येऊ शकतात, पण काउंट विचारून यावं.

जिंतूरकर सर, टेबल निवडण्याबद्दल विचारायचं होतं. सहा कॅटांपैकी किती वाटून झाल्यावर पिसतात त्यावर किती फरक पडतो? मी प्रोग्रॅम लिहून कोट्यवधी डाव चालवून बघितले. साडेचार कॅट वाटले तर चालतं, तीनवरच कापलं तर जवळजवळ काही उरत नाही, असं दिसतंय. बरोबर आहे का?

जिंतूरकर
@वाळूजचा_तोच, बरोबर. मोठा आकडा शेवटाकडे येतो, आणि तोच भाग कापून टाकला तर तू नुसता वाट बघण्याचे पैसे भरतोस. प्रोग्रॅम स्वतः लिहिलास? मग त्या प्रोग्रॅमवर तुला नोकरी मिळेल, टेबलावर बसायचीही गरज नाही. गंमत करत नाही. इन्शुरन्स, जोखीम, असल्या कामांत नेमकं हेच लागतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

वाळूजचा_तोच
करतो सर. पण टेबलाचा नाद एवढ्यात सुटेल असं वाटत नाही. सध्याचा विचार असा: नोकरी चालू, महिन्यातून एक शनिवार-रविवार पणजी. खडू सरांच्या तक्त्याप्रमाणे पाच लाखांत बुडण्याची शक्यता एक टक्क्याखाली ठेवायची तर पैसे चौथाईवर आणावे लागतील, सरासरी ५००. म्हणजे तासाला ४००.

पाटीवरचा_खडू
शाब्बास. पैसे चौथाई, भांडवल चौथाई, शक्यता तीच. टेबलावरची किमान रक्कम तेवढी खाली मिळते का बघ. आणि संभाजीनगर ते पणजी जाणं-येणं, राहणं, जहाजाचं प्रवेशशुल्क हे घालून परत मांड.

वाळूजचा_तोच
मांडलं सर. दोन दिवसांत बारा तास धरले, ४,८०० सुटतात. खर्च घातला की तासाला उणे येतंय. कर अजून धरलेला नाही.

सीए_जुना_मोंढा
तो प्रवासखर्चही वजा मिळत नाही.